तमिळ वाक्यासाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

मुंबईत राहून तमिळ शिकायचे ठरवणाऱ्या मराठी माणसाच्या हाती पहिले पुस्तक पडते ते बहुधा इंग्रजीत लिहिलेले असते, आणि लेखकाच्या डोळ्यांसमोर घरीदारी इंग्रजीच बोलणारा विद्यार्थी असतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नामाला मागून प्रत्यय लागतात, ‘मला कळते’ यासारख्या वाक्यात ज्याला कळते तो कर्ता नसतो, या साऱ्या गोष्टी अशा विद्यार्थ्याला नव्या असतात आणि प्रत्येकीसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण खर्ची पडते. माझे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असल्यामुळे मीही असेच एक पुस्तक घेऊन बसले होते. मात्र सुरुवातीच्या प्रकरणांपासूनच मी प्रत्येक उदाहरणाचे मनाशी मराठी करून पाहू लागले, आणि लेखक ज्या रचनेबद्दल ‘ही अवघड आहे, धीर धरा’ असे बजावत होता ती रचना बहुतेक वेळा मराठीत जशीच्या तशी हजर होती.

मी शीवला राहते. धारावीतल्या महापालिकेच्या तमिळ शाळेत अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे माझी शिकवणी चालते. मुंबई महापालिकेच्या शाळा ज्या आठ भाषांमध्ये चालतात त्यांत तमिळ आहे, हे मुंबईबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. बाईंचे मराठी उत्तम आहे. पुस्तकातले इंग्रजी स्पष्टीकरण मी वाचून दाखवू लागले की त्या मला थांबवतात, तेच वाक्य आधी मराठीत म्हणायला लावतात आणि वर अट घालतात: “‘जो’ नको, ‘की’ नको.” या अटीचा अर्थ मला जसजसा उलगडत गेला तसतसे माझे मत पक्के होत गेले. मराठी वाक्यातून ‘ज’ने सुरू होणारे जोडशब्द आणि ‘की’ काढून टाकता आले, तर उरलेले वाक्य जवळजवळ शब्दामागे शब्द ठेवून तमिळमध्ये नेता येते, आणि त्यासाठी इंग्रजीचा वळसा घेण्याचे काही कारण राहत नाही.

उदाहरणे देण्यापूर्वी लिपीविषयी थोडेसे सांगते. तमिळमधले ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ मी येथे वेगळे दाखवलेले नाहीत. ‘ऴ’ हे अक्षर मात्र आवर्जून ठेवले आहे, कारण तो उच्चार आपल्या ‘ळ’पेक्षा वेगळा आहे. सगळी उदाहरणे लेखी तमिळमधली आहेत. बोलीचा विषय पुढे येईल.

आता हे वाक्य पाहा: ‘नेट्रु माटुंगाविल् वाङ्गिय काप्पिप् पोडियै अप्पा डप्पाविल् पोट्टु वैत्तार्.’ मराठीत ते असे होते: ‘काल माटुंग्यात विकत घेतलेली कॉफीची पूड बाबांनी डब्यात घालून ठेवली.’ नेट्रु म्हणजे काल, माटुंगाविल् म्हणजे माटुंग्यात, वाङ्गिय म्हणजे विकत घेतलेली, पुढे पूड, मग बाबा, मग डब्यात, मग घालून आणि शेवटी ठेवली. एकाही घटकाची जागा बदललेली नाही. हेच वाक्य इंग्रजीत न्यायचे म्हटले तर ‘बाबांनी ठेवली’ येथून सुरुवात करावी लागते, मग पूड, मग डब्यात, मग ‘जी’ या अर्थाचा जोडशब्द, मग घेतली, मग माटुंगा आणि ‘काल’ अगदी शेवटी. म्हणजे इंग्रजी पुस्तकातून शिकणारी मराठी व्यक्ती आधी स्वतःच्या भाषेतला क्रम पूर्ण उलटा करते आणि नंतर तो पुन्हा सुलटा करायला शिकते. माझ्या मते हा निव्वळ वाया जाणारा श्रम आहे.

या वाक्याचा कणा ‘वाङ्गिय’ या रूपात आहे, आणि तमिळ वाक्यरचनेत यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही असेल असे मला वाटत नाही. तमिळमध्ये नामाचे वर्णन करणारे आख्खे वाक्य त्या नामाच्या आधी येते आणि त्याचे क्रियापद धातुसाधित विशेषण होते: ‘नान् पडित्त पुत्तगम्’, मी वाचलेले पुस्तक, ‘नेट्रु वन्द पैयन्’, काल आलेला मुलगा, ‘नाळै वरुम् पैयन्’, उद्या येणारा मुलगा, ‘वराद पैयन्’, न आलेला मुलगा. आपले ‘-लेला’ आणि ‘-णारा’ हेच काम करतात. येथे हिंदीशी तुलना केली तर मराठी तमिळच्या किती जवळ उभी आहे ते दिसते. हिंदीत ‘मेरी पढ़ी हुई किताब’ असे म्हणताना वाचणारा षष्ठीत जातो. मराठीत ‘मी वाचलेले पुस्तक’ असे म्हणताना ‘मी’ला धक्का लागत नाही आणि तमिळमध्ये ‘नान्’लाही लागत नाही. शिवाय तमिळ रूप आपल्यापेक्षा सोपे आहे, कारण ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. आलेला मुलगा, आलेली मुलगी, आलेले पत्र अशी आपली तीन रूपे. तिकडे ‘वन्द पैयन्’, ‘वन्द पेण्’, ‘वन्द कडिदम्’ असे एकच ‘वन्द’ पुरते.

ही रचना तमिळमध्ये किती लांबवर ताणता येते हे पाहण्यासारखे आहे. ‘मी कॉफी प्यायलेला कप’ असे मराठीत बोलताना आपण म्हणून जातो. कप प्यायलेला नसतो आणि कपाने काही प्यायलेलेही नसते, तरी अर्थ लागतो. तमिळमध्ये ‘नान् काप्पि कुडित्त कप्’ हे तितकेच सहज आहे. पण ‘नान् एऴुदिय पेना’ म्हणजे मी ज्या पेनाने लिहिले ते पेन, येथे मराठी कान अडखळतो, कारण ‘मी लिहिलेले पेन’ आपण म्हणत नाही. ‘मऴै पेय्द नाळ्’ म्हणजे पाऊस पडला तो दिवस. ‘पाऊस पडलेला दिवस’ हे मराठीत ओढूनताणून बसते, तमिळमध्ये ते रोजचे बोलणे आहे. पेन, दिवस, जागा, कारण, असे काहीही त्या विशेषणाच्या पुढे ठेवावे आणि नाते ऐकणाऱ्याने ओळखावे, अशी ही सोय आहे.

बाईंच्या ‘जो नको’ या अटीचे कारण येथे आहे. मराठीजवळ दोन वाटा आहेत: ‘जो मुलगा काल आला तो’ ही एक आणि ‘काल आलेला मुलगा’ ही दुसरी. पहिली वाट मराठीला संस्कृत-प्राकृताकडून मिळाली. रोजच्या तमिळमध्ये तिला जोड नाही. जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसे-तसे या साऱ्या जोड्यांना तोच नियम लागू होतो. ‘जेव्हा मी आले तेव्हा’ याचे ‘नान् वन्द पोदु’ होते, म्हणजे अक्षरशः ‘मी आलेल्या वेळी’. ‘आल्यानंतर’ म्हणजे ‘वन्द पिरगु’, ‘येण्यापूर्वी’ म्हणजे ‘वरुवदर्कु मुन्’. मराठीतली दुसरी वाट बोलण्यात मुळातच रुळलेली आहे, तेव्हा पहिली बंद करणे आपल्याला फारसे जड जात नाही. इंग्रजीभाषकाजवळ मात्र पहिलीच वाट प्रमुख आहे. माझ्याजवळच्या पुस्तकात ‘वन्द’, ‘पडित्त’ यांचे प्रकरण इतके मागे का ढकलले आहे ते यावरून कळते. मराठी विद्यार्थ्याला ते पहिल्या आठवड्यात शिकवायला हरकत नसावी.

‘की’ची गोष्ट याहून रंजक आहे. ‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ या वाक्यातला ‘की’ आपल्याकडे फारसीतून आला असे मानतात. तमिळमध्ये सांगितलेली गोष्ट आधी येते, तिच्यामागे ‘एन्रु’ येते आणि मग सांगण्याचे क्रियापद: ‘अवन् नाळै वरुवेन् एन्रु सोन्नान्.’ ‘एन्रु’ हे ‘एन्’ म्हणजे म्हणणे या धातूचे ‘-ऊन’ रूप आहे. आता हेच वाक्य कोकणात किंवा देशावर एखादी आजी कसे म्हणेल ते आठवून पाहा: ‘तो उद्या येईन म्हणून म्हणाला.’ ‘म्हणून’ हे म्हणणे धातूचे ‘-ऊन’ रूप, आणि बोलणाऱ्याचे शब्दही त्याच्या तोंडचेच ठेवलेले: येईल नव्हे, येईन. साम्य येथेच थांबत नाही. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ या वाक्यात म्हणण्याचा काही संबंध नाही, हेतू सांगायचा आहे, तरी आपण ‘म्हणून’ वापरतो. तमिळही ‘मऴै वरुम् एन्रु कुडै एडुत्तेन्’ असेच म्हणते. ‘मुरुगन म्हणून एक गृहस्थ होते’ यातल्या ‘म्हणून’च्या जागीही ‘एन्रु’ बसते. इंग्रजीत या तीन वाक्यांसाठी तीन निरनिराळे मार्ग शोधावे लागतात.

कारण सांगणारी वाक्येही अशीच जुळतात. ‘मऴै पेय्ददाल् रयिल् तामदमाग वन्ददु’ म्हणजे ‘पाऊस पडल्याने गाडी उशिराने आली’. जुलैत मुंबईत राहणाऱ्याला हे वाक्य मुद्दाम पाठ करावे लागत नाही. ‘पेय्ददु’ म्हणजे पडणे, पडलेले असणे. त्याला ‘-आल्’ हा तृतीयेचा प्रत्यय लागला. आपल्या ‘पडल्याने’मध्ये ‘पडल्या’ला ‘-ने’ हा तृतीयेचाच प्रत्यय लागलेला आहे. ‘कारण’ हा शब्द वाक्यांच्या मध्ये ठेवून सांगण्याची सवय मात्र सोडावी लागते.

‘ऊन’च्या साखळीविषयी लिहायचे तर पानेच्या पाने लिहिता येतील. घरी जाऊन, जेवून, झोपून, उठून, मग आले, असे आपण एका दमात सांगतो आणि तमिळ माणूसही तसेच सांगतो. खरे क्रियापद एकच, तेही शेवटी. पण मला विशेष गंमत वाटते ती ‘ऊन’नंतर येणाऱ्या सहायक क्रियापदांची. ‘साप्पिट्टुप् पार्’ म्हणजे खाऊन बघ. ‘एऴुदि वै’ म्हणजे लिहून ठेव, ‘एऴुदिक् कोळ्’ म्हणजे लिहून घे, ‘एऴुदिक् कोडु’ म्हणजे लिहून दे. ‘कोन्रु पोट्टान्’ म्हणजे मारून टाकले. बघणे, ठेवणे, घेणे, देणे, टाकणे ही पाचही क्रियापदे दोन्ही भाषांनी मूळ अर्थ सोडून त्याच त्या छटांसाठी राबवली आहेत. ‘विडु’ म्हणजे सोडणे हे सहावे. क्रिया पुरी झाली हे दाखवायला तमिळमध्ये ते पदोपदी येते, ‘पोय् विट्टान्’ म्हणजे निघून गेला. मराठीत ‘हैराण करून सोडले’ अशा मोजक्या ठिकाणीच ते आढळते. हिंदीतही ‘लिख लो’, ‘लिख दो’ आहे, पण तेथे नुसता धातू येतो. ‘लिहून’सारखे रूप तमिळ आणि मराठी दोघींनी राखले आहे.

हे सारे योगायोगाने झालेले नाही, हे अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांचे एक स्वतंत्र कुळ आहे हे फ्रान्सिस एलिस यांनी 1816 साली मांडले, रॉबर्ट कॉल्डवेल यांचे द्रविड भाषांचे तौलनिक व्याकरण 1856 साली आले, आणि त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1956 साली, मरे एमेनो यांनी कुळे वेगळी असूनही शेजारामुळे भाषा एकमेकींसारख्या होतात या दृष्टीने भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी मांडणी केली. कुळाने मराठी आर्य आणि तमिळ द्रविड, हे खरेच आहे. पण मराठीची दक्षिण सीमा शतकानुशतके कन्नड आणि तेलुगूला भिडलेली आहे, सीमेवरच्या गावांत दोन-दोन भाषा एकाच तोंडी नांदत आल्या आहेत, आणि वाक्याची घडण अशाच ठिकाणी इकडून तिकडे जाते. मराठीचे मूळच तमिळमध्ये आहे असे म्हणणारेही आहेत; मला ते पटत नाही, आणि तमिळ वाक्य शिकण्यासाठी ते पटण्याची गरजही नाही.

‘मला’ने सुरू होणारी वाक्ये हा सर्वांना परिचित असलेला भाग आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. ‘एनक्कुत् तेरियुम्’, मला माहीत आहे. ‘एनक्कुप् पिडिक्कुम्’, मला आवडते. ‘एनक्कुप् पसिक्किरदु’, मला भूक लागली आहे. एकच जोडी येथे नोंदवते. इंग्रजीत भाऊ असो की पैसे, दोन्हींसाठी एकच क्रियापद चालते. तमिळमध्ये ‘एनक्कु ओरु तम्बि इरुक्किरान्’, पण ‘एन्निडम् पणम् इरुक्किरदु’. मराठीत ‘मला एक धाकटा भाऊ आहे’, पण ‘माझ्याकडे पैसे आहेत’. नातेवाईक चतुर्थीत आणि जवळची वस्तू ‘कडे’ने, ही विभागणी दोन्हीकडे तंतोतंत तीच आहे. ‘एन्नाल् मुडियादु’ म्हणजे ‘माझ्याच्याने होणार नाही’, हेही असेच. येथेही तृतीयाच आहे. आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ हा भेद, जो ना इंग्रजीत आहे ना हिंदीत, तो तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ असा आहे. समोरच्याला धरून की वगळून, हे मराठी मुलाला तीन वर्षांचे असताना कळते. इंग्रजी पुस्तक त्यावर दोन पाने आणि एक आकृती खर्च करते.

मराठी जेथे वाट चुकवते ती ठिकाणे थोडी आहेत, पण तेथे सावध राहावे लागते. पहिले आणि सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे ‘ने’. आपण ‘बाबांनी पूड ठेवली’ असे म्हणतो. ठेवणारे बाबा, पण क्रियापद पुडीच्या लिंगाप्रमाणे चालते. तमिळमध्ये ‘अप्पा वैत्तार्’ यातले ‘-आर्’ हे अप्पांच्या मानाचे आहे, पुडीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ‘अप्पा’ला कोणताही प्रत्यय लागलेला नाही. ‘रामाने रावणाला मारले’ हे ‘रामन् रावणनैक् कोन्रान्’ असे होते. शाळेत ज्यांनी आपला जीव खाल्ला ते कर्मणी आणि भावे हे प्रयोग येथे गैरहजर आहेत. तमिळमध्ये भूतकाळही सरळ कर्तरी चालतो. या एका बाबतीत इंग्रजीची सवय उपयोगी पडते हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण इंग्रजीतही कर्ता काळाप्रमाणे वेष बदलत नाही. बायकांना आणखी एक सुटका आहे: मी आलो, मी आले असा भेद नाही, ‘वन्देन्’ सर्वांचे.

दुसरे ठिकाण म्हणजे आपला ‘ला’. ‘त्याला पाहिले’ आणि ‘त्याला दिले’ या दोन्हींत मराठीचा ‘ला’ एकच असतो. तमिळमध्ये पाहिलेला माणूस द्वितीयेत जातो, ‘अवनैप् पार्त्तेन्’, आणि ज्याला दिले तो चतुर्थीत, ‘अवनुक्कुक् कोडुत्तेन्’. शिवाय द्वितीयेचा हा ‘-ऐ’ निर्जीव वस्तूला लागला तर ती वस्तू ठरावीक, ओळखीची आहे असे कळते: ‘पुत्तगम् वाङ्गिनेन्’ म्हणजे कोणतेतरी पुस्तक घेतले, ‘पुत्तगत्तै वाङ्गिनेन्’ म्हणजे ते पुस्तक घेतले. कॉफीच्या पुडीला वर ‘-ऐ’ लागला तो याचसाठी. इंग्रजी येणाऱ्याला हा भेद लवकर लक्षात येतो, कारण तेथे उपपदांमुळे ठरावीक आणि अठरावीक यांची सवय असते. ‘पुत्तगम्’चे ‘पुत्तगत्तै’ किंवा ‘वीडु’चे ‘वीट्टिल्’ का झाले, याचे उत्तर मात्र मराठीकडे तयार आहे: ते सामान्यरूप आहे, रस्ता-रस्त्यात यासारखे.

तिसरे ठिकाण फसवे आहे, कारण तेथे अर्धे साम्य आहे. ‘मला कॉफी हवी’ हे ‘एनक्कुक् काप्पि वेण्डुम्’ असे सरळ जाते. पण ‘मला जायला हवे’ हे ‘नान् पोग वेण्डुम्’ असे होते. हवी असलेली गोष्ट वस्तू नसून क्रिया असली की तमिळमध्ये माणूस सामान्यतः प्रथमेत येतो. आपल्या कानाला तेथे ‘मी जायला हवे’ असे ऐकू येते, आणि थोडे दिवस ते खटकत राहते.

लिंगाच्या बाबतीत तमिळ मराठी माणसावर उपकारच करते. खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते का, याचे उत्तर कोणाकडे नाही. तमिळ व्याकरणाने, थेट तोल्काप्पियम् या सर्वांत जुन्या उपलब्ध व्याकरणापासून, नामांचे दोन वर्ग मानले आहेत: माणसे ती ‘उयर्तिणै’, उरलेले सारे ‘अह्रिणै’. माणसांतच तो, ती आणि मानाचे ते हा भेद; खुर्ची, पंखा, गाय, कावळा हे सगळे ‘अदु’. लहान मूल मात्र बोलण्यात अह्रिणैत जाते, ‘कुऴन्दै अऴुगिरदु’. आपणही ‘बाळ रडते’ असे नपुंसकलिंगीच म्हणतो, हे मला फार आवडले. नकाराच्या बाबतीत जुन्या मराठीची आठवण येते. ‘हे माझे घर नव्हे’ आणि ‘येथे घर नाही’ हा भेद आपली मागची पिढी काटेकोरपणे पाळत असे. लेखी तमिळमध्ये तो ‘अल्ल’ आणि ‘इल्लै’ असा शाबूत आहे. बोलताना दोन्हीकडे दुसऱ्याने पहिल्याला गिळून टाकले आहे. आणखी एक सोय म्हणजे ‘वरविल्लै’ हे एकच रूप मी, तू, तो, ती, ते सर्वांना चालते, आणि ‘आला नाही’ व ‘येत नाही’ असे दोन्ही अर्थ देते.

बोलीविषयी येथे लिहिणे भाग आहे, कारण लेखी आणि बोललेल्या तमिळमधले अंतर आपल्या प्रमाण आणि बोली मराठीतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे. ‘इरुक्किरदु’चे ‘इरुक्कु’ होते, ‘वन्दु विट्टान्’चे ‘वन्दुट्टान्’, ‘वैत्तार्’चे ‘वेच्चार्’, आणि ‘एन्रु’ झिजून क्रियापदाला चिकटलेला नुसता ‘नु’ उरतो: ‘वरेन्नु सोन्नान्’. मुंबईत त्यावर आणखी एक थर चढतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बाजूला फुलांच्या आणि केळीच्या पानांच्या दुकानांपाशी जे तमिळ कानावर येते त्यात पालक्काड-तंजावरकडच्या ब्राह्मण घरांतली वळणे पुष्कळ आहेत. तेथे ‘या’ म्हणायला ‘वाङ्गो’ आणि घरी म्हणायला ‘आत्तुक्कु’. मधले रेल्वेचे रूळ ओलांडून धारावीत शिरले की कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी तिरुनेल्वेलीकडून आलेल्या कुटुंबांचे तमिळ सुरू होते. तेथे ‘वाङ्ग’ आणि ‘वीट्टुक्कु’. शब्द बदलतात, प्रत्यय झिजतात, हेल तर पूर्णच निराळा. पण विशेषण झालेले वाक्य नामाच्या आधी, ‘ऊन’ची साखळी मध्ये आणि खरे क्रियापद शेवटी, हा क्रम दोन्हीकडे हलत नाही. म्हणून मी रूपांच्या आधी क्रम पक्का करण्याच्या बाजूची आहे. क्रम ठाऊक असला की झिजलेला प्रत्यय जागेवरून ओळखता येतो.

सध्या बाईंनी ‘-आमल्’ हे रूप घेतले आहे. ‘साप्पिडामल् पोगादे’ म्हणजे ‘न जेवता जाऊ नकोस’. आपला ‘न’ क्रियापदाच्या आधी उभा राहतो, तमिळचा नकार क्रियापदाच्या पोटात शिरतो, एवढाच फरक. एरवी वाक्य तेच आहे, आणि शिकवणी संपवून मी उठू लागले की बाई ते उदाहरण म्हणून वापरत नाहीत, खरोखरच म्हणतात.